फोन कुणी ठेवला

"लिहायचं एवढंच, की फोन डॉक्टरांच्या बाजूनं ठेवला गेला," नेर्लेकर सर पुण्याहून सांगत होते. "एक ओळ. त्याला किती वेळ लागतो केतकी?"

"पण सर, मधेच का ठेवला जातो, ते बघायला नको?"

"का, ते त्यांनी बघावं. आपण टेलिफोनवाले. डॉक्टरांचा स्वभाव दुरुस्त करायचं कंत्राट आपण घेतलेलं नाही. चारला त्यांची मीटिंग आहे. त्याआधी कागद राऊसाहेबांच्या टेबलावर पाहिजे."

मी बोलत बोलत दूध संघाच्या व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होते. एका जागी बसून बोलणं मला तेव्हाही जमत नसे आणि आजही जमत नाही. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. खाली दुधाचे कॅन धुवायचं काम चाललं होतं, त्यांचा खणखणाट, वाफ आणि आंबूस वास. सरांनी फोन ठेवला तरी माझ्या फेऱ्या चालूच राहिल्या.

संघाचं नाव सांगत नाही, मंडळी अजून तिथेच आहेत. सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. संघानं सभासदांसाठी एक सोय केली होती: जनावर आजारी पडलं की एका नंबरवर फोन करायचा. फोन आधी मुली घ्यायच्या. किरकोळ काही असलं तर त्याच सांगायच्या आणि अवघड असलं की डॉक्टर मगदूमांकडे जोडून द्यायच्या. हे सगळे फोन इंटरनेटवरून फिरवायची व्यवस्था आमच्या कंपनीची. उन्हाळ्यात ती बसवली तेव्हा सगळे खूश होते. दसऱ्यानंतर मात्र तक्रारी यायला लागल्या, की डॉक्टर बोलता बोलता फोन आपटतात.

त्यातली एक तक्रार संघाचे संचालक राऊसाहेब खोत यांची स्वतःची होती. त्यांची मुऱ्हा म्हैस विताना अडली, डॉक्टर फोनवरून सांगत होते, आणि ऐन मोक्याला त्यांनी फोन ठेवला. दुसरा डॉक्टर येईपर्यंत म्हैस गेली, पोटातलं रेडकूही गेलं. राऊसाहेबांनी शपथच घेतली होती, की हा माणूस संघात राहणार नाही. चारच्या मीटिंगमध्ये डॉक्टरांना काढायचं होतं आणि पुरावा म्हणून माझा कागद हवा होता.

पुरावा तर होताच. इंटरनेटवरून फोन जोडणारी यंत्रं एकमेकांशी माणसांसारखीच रीतसर बोलतात. एक हाक मारतं, 'बोलायचंय, येतोस का?' दुसरं म्हणतं, 'आलो.' पहिलं म्हणतं, 'आलास ते कळलं.' एवढं झालं की बोलणं सुरू. आमच्या धंद्यात त्याला डायलॉग म्हणतात, सिनेमातला नव्हे. त्या डायलॉगला एक नाव मिळतं आणि दोन्ही बाजू आपापली एकेक खूण देतात. पुढे काहीही मागायचं झालं तर ते नाव आणि त्या दोन्ही खुणा दाखवून मागायचं. फोन ठेवायचा तरी तसंच. 'ठेवतोय' असा निरोप जातो, समोरचं 'बरं' म्हणतं, आणि मग दोघंही तो डायलॉग पुसून टाकतात. त्यामुळे फोन कुणी ठेवला हे आमच्यापासून लपून राहत नाही. 'ठेवतोय' कुणाकडून निघालं, एवढं पाहिलं की झालं.

सकाळपासून मी तेच पाहत बसले होते. तक्रारीतल्या एकूण एक कॉलमध्ये 'ठेवतोय' निघालं होतं ते डॉक्टरांच्या टेबलावरच्या फोनकडून. मुलींच्या कॉलमध्ये असं एकदाही झालेलं नव्हतं. म्हणजे सर म्हणत होते ते खरंच होतं. ओळ लिहायला काहीच हरकत नव्हती. तरी माझा हात काही कागदाकडे जाईना. एखाद्या माणसाला न बघता त्याच्याविरुद्ध लिहायचं, हे मला कसंतरीच वाटत होतं.

मी मुलींच्या खोलीत गेले. तिथे शहनाज मुल्ला नावाची सगळ्यांत जुनी मुलगी होती. कानावर हेडफोन, हातात अर्धा वडा.

"शहनाज, खरं सांग. डॉक्टर फोन आपटतात?"

"आपटत्यात की, मॅडम." तिनं मधल्या भिंतीकडे बोट केलं. "हितं आमची भिंत हालती. काल तर माझा चहा सांडला."

"तू ऐकलंस स्वतः?"

"मी एकटीच काय, सगळ्या पोरींनी ऐकलंय. पर मॅडम, मानूस वाईट न्हाई हो. मला कधी अरे-तुरे केलं न्हाई त्येंनी. आता आपटत्यात, त्याला काय करायचं?"

पुरावा आणि साक्ष, दोन्ही झालं. आता फक्त आरोपी राहिला होता.

डॉक्टर बाळगोंडा मगदूम शेजारच्या खोलीत बसले होते. चांगला आडवा-उभा माणूस, जाड भिंगाचा चष्मा, खादीचा ढगळ शर्ट. सरकारी दवाखान्यात जन्म घालवून निवृत्त झालेले. मी कोण, कशाला आले ते सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

"डॉक्टर, तुम्ही मधेच फोन ठेवता का?"

"तुमचं यंत्र काय म्हणतंय?"

"यंत्र म्हणतंय, तुम्हीच ठेवता."

"मग झालं की. लिहा तसं."

"पण तुमचं काय म्हणणं आहे?"

"माझं काही म्हणणं नाही. आणि त्या राऊसाहेबापुढं तर मला तोंडही उघडायचं नाही."

मला त्या माणसाचा भयंकर राग आला. मी इथे त्याची बाजू शोधत तडफडतेय, आणि तो तोंडात मिठाची गुळणी धरून बसलाय! उठून सरळ ती एक ओळ लिहावी असं मनात आलं. पण माझ्यात एक खोड आहे. कुणी 'जा' म्हटलं की मी हटकून बसते.

"तुमच्या फोनला माझा लॅपटॉप जोडते," मी म्हटलं. "सकाळी मी यंत्राकडून पाहिलं. आता तुमच्या बाजूनं बघते, काय काय जातं-येतं ते."

"जोडा. बील मला लावू नका म्हणजे झालं."

मी वायर जोडली, एक हेडफोन कानाला लावला आणि बसले. बसले म्हणजे काय, पाय हलवत, नखं कुरतडत बसले. तीन वाजायला आले होते. दोन कॉल आले नि लगेच संपले, एक पोट फुगलेल्या बैलाचा आणि एक चुकून लागलेला. मग शहनाजनं भिंतीपलीकडून हाळी दिली, "डॉक्टर, हौसाक्का हैत, म्हस अडलीया!"

डॉक्टरांनी फोन उचलला आणि माझ्यासमोर तो माणूसच बदलला. आवाज एकदम खाली आला.

"बोल, अक्का. पाणमोट फुटून किती वेळ झाला?"

"लई वेळ झाला ओ. नुसती कळा देतीया आन बसतीया." म्हातारीचा आवाज धापा टाकत होता. "घरात कोन बी न्हाई. पोरगं मिरजंला गेलंय."

"असू दे. मी आहे. आधी हात कोपरापर्यंत साबणानं धू. मग गोडं तेल लाव. फोन कुठं आहे?"

"गव्हाणीवर ठिवलाय. त्यो मोठ्यांदा बोलायचं बटन दाबलंय."

"शाब्बास. आता त्याला हात लावायचा नाही. तुझे हात मला तिकडं पाहिजेत."

पुढची मिनिटं मी जे ऐकलं, ते मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. हा माणूस घाई करत नव्हता. म्हातारी रडायला लागली की गप्प राहायचा, तिचं रडणं ओसरलं की परत विचारायचा, "हाताला काय लागतंय? खूर लागतोय? त्याच्या वर चाचप." म्हशीशीसुद्धा बोलायचा, "हां बाई, हां, सोस थोडं." एक पाय पुढे आला होता, दुसरा आत मुडपला होता. तो सरळ केल्याशिवाय रेडकू बाहेर येणार नव्हतं. डॉक्टर अक्काला आंधळ्याला वाट सांगावी तसा आतला रस्ता सांगत होते. मी लॅपटॉपकडे बघायचं विसरूनच गेले.

"आता कळ थांबली की रेडकू मागं ढकल. थोडंच. आणि खूर तळहातात झाक, म्हणजे आत ओरखडा..."

ते वाक्य तिथंच तुटलं. माझ्या कानातला म्हशीचा श्वास थांबला.

"अक्का? हॅलो? हॅलो! अक्का, ऐकू येतंय का? हॅलो!"

डॉक्टर चार-पाच वेळा ओरडले. मग त्यांनी हातातला फोन असा काही आपटला, की टेबलावरचं पाणी हिंदकळलं. भिंतीपलीकडे मुली गप्प झाल्या.

"गेली ही पण," ते पुटपुटले आणि चष्मा काढून डोळे चोळत बसले.

मी खुर्चीला खिळल्यासारखी झाले. आपटला होता, मी डोळ्यांनी पाहिलं. पण आपटला तो फोन तुटल्यावर! भिंतीपलीकडे फक्त आपटल्याचा आवाज जात होता; आधीचं 'हॅलो हॅलो' त्या पोरींच्या कानांवरच्या हेडफोनमधून कुठून जाणार? शहनाज खोटं बोलली नव्हती आणि माझा सकाळचा पुरावाही खोटा नव्हता.

मी लॅपटॉप पुढे ओढला. 'ठेवतोय' डॉक्टरांच्या फोनकडूनच निघालं होतं. पण डॉक्टरांचा हात तर फोनवर होता, बटणावर नव्हता. मी नोंदींमध्ये वर सरकले. आणि तिथे ते होतं, सकाळी मला न दिसलेलं.

बोलणं लांबलं, की फोन आपण होऊन मधेच एक विचारणा करतो: 'आपलं चालू आहे ना अजून?' आमच्या मांडणीत ती पंधरा मिनिटांनी व्हायची. समोरचं यंत्र नाव आणि खुणा ताडून 'चालू आहे' म्हणतं आणि गाडी पुढे जाते. माणसांना त्याचा पत्ताही लागत नाही. डॉक्टरांच्या फोननं नेमानं विचारलं होतं, 'चालू आहे ना?' आणि उत्तर आलं होतं, 'कुठलं बोलणं? माझ्याकडे असलं काही नाही.' असं उत्तर आल्यावर फोननं काय करायचं, ते ठरलेलं असतं. समोर कुणी नाही असं समजून तो मुकाट्यानं ठेवून देतो.

उत्तर ज्या पत्त्यावरून आलं होतं तो पत्ता मी वाचला आणि तोंडातून शिवीच निघाली. ते दुसरंच यंत्र होतं.

दसऱ्याला नेर्लेकर सर स्वतः येऊन दुसरं यंत्र बसवून गेले होते. फोन वाढले होते, एका यंत्राला झेपत नव्हते. मुहूर्त चुकायला नको म्हणून नारळ फोडून, झेंडूचा हार घालून ते त्याच दिवशी चालू केलं. दोन यंत्रं एका नावाखाली काम करायला लागली, की चालू असलेले डायलॉग त्यांनी एकमेकांना सांगायचे असतात. ते जोडून द्यायचं काम मुहूर्ताच्या घाईत राहिलं. म्हणजे बोलणं सुरू व्हायचं पहिल्याशी, आणि विचारणा कधी पहिल्याकडे जायची, कधी दुसऱ्याकडे. दुसऱ्याला त्यातलं ओ की ठो माहीत नसे. मी सकाळी पहिल्याकडची नोंद पाहिली, तिथे फक्त शेवटचं 'ठेवतोय' पोचलं होतं. मुलींचे फोन दोन-तीन मिनिटांत आटपायचे, त्यांना ही पाळीच यायची नाही. पंधरा मिनिटं फोनला चिकटून राहणारा त्या संघात एकच माणूस होता. म्हणून फोन त्याचेच तुटत होते!

"डॉक्टर, अहो..."

ते ऐकत नव्हते. त्यांनी अक्काचा नंबर फिरवायला घेतला होता. पलीकडून बाई सांगत होती, की हा ग्राहक दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे.

"तुम्ही ठेवा," मी म्हटलं. "ती तुम्हालाच लावत असणार. दोघंही लावत बसलात तर कुणालाच लागणार नाही."

"ती कशाला लावतेय?" ते म्हणाले. "मीच बघतो."

मी त्यांच्या हातातून फोन जवळजवळ हिसकावून खाली ठेवला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की आता मलाच आपटतील. तेवढ्यात शहनाजची हाळी आली, "डॉक्टर, हौसाक्काच हैत परत!"

"डॉक्टर, खूर घावलाय, हात भाईर काडून फोन लावला, फुडं काय करू?" अक्काला बाकी काही बोलायला सवड नव्हती. "म्हस पाय झाडतीया ओ!"

डॉक्टर परत त्या गोठ्यात शिरले. मी मात्र घामाघूम झाले. आता पुन्हा पंधरा मिनिटं चालू झाली होती. मुडपलेला पाय सोडवायचा, मग रेडकू ओढायचं. ते काही पंधरा मिनिटांत होणार नव्हतं. आणि या वेळी फोन तुटला, तर अक्काचा हात आत अडकलेला असणार. मग परत लावणार कोण, आणि इकडून लावला तर उचलणार कोण?

मी व्हरांड्यात धावत येऊन सरांना फोन लावला. एका दमात सगळं सांगितलं.

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "हे अजून कुणाला बोललीस?"

"नाही. सर, दुसरं यंत्र बंद करा. तुमच्याकडे पासवर्ड आहे. एक मिनिटाचं काम आहे."

"वेडी आहेस का? भर दुपारी निम्मे कॉल तुटतील. मीटिंगच्या तोंडावर? आज रात्री मी निवांत बघतो. तू यंत्रांना हात लावायचा नाहीस. आणि हे कागदात येता कामा नये. 'ठेवतोय' त्यांच्या फोनकडून गेलं की नाही? गेलं. मग आपण खोटं कुठे लिहितोय?"

"सर, इथे एका बाईचा हात म्हशीच्या पोटात आहे!"

"कुणाच्या?"

"म्हशीच्या!"

"केतकी, पाणी पी आणि कागद लिही," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. हा मात्र त्यांनीच ठेवला, त्याला पुरावा नको.

मी परत आत डोकावले. डॉक्टर सांगत होते, "घाई नको. गुडघा वर ढकल, खूर आत वळव." घड्याळाकडे पाहायची मला हिंमत होईना आणि पाहिल्याशिवाय राहवेना. नोकरी नवी होती. घरी वडिलांना मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, की आता माझी काळजी सोडा. ते सगळं डोक्यात गरगरत होतं. पण खरं सांगते, फार वेळ गरगरलं नाही. माझ्या उतावळेपणाचा आयुष्यात मला झालेला हा एकच फायदा.

यंत्रं मुलींच्या खोलीमागच्या कपाटात होती. आधी लॅपटॉपवर नीट पाहून घेतलं: अक्काचं आताचं बोलणं पहिल्या यंत्रावरच होतं. म्हणजे दुसरं गेलं तरी ते तुटणार नव्हतं, आणि दुसरं उत्तरच देईना म्हटल्यावर डॉक्टरांचा फोन पहिल्याला विचारणार होता. कपाट उघडलं. दुसऱ्या यंत्रावर दसऱ्याचा हार सुकून तसाच लटकत होता. मी तो बाजूला केला आणि मागची वायर उपटली.

खोलीत एकदम गिल्ला झाला. निम्म्या मुली "हॅलो, हॅलो" करायला लागल्या. शहनाज हेडफोन काढून उभी राहिली.

"मॅडम, काय केलासा?"

"सांगते मग. ज्यांचे तुटले त्यांना परत लावायला घ्या. आणि डॉक्टरांच्या कॉलला कुणी हात लावायचा नाही."

वरच्या मजल्यावर दार धाडकन वाजलं. जिन्यावरून राऊसाहेब खोत उतरले. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. ठेंगणे, पांढरी विजार-शर्ट, कपाळाला गंध, आणि चेहरा रागानं लाल.

"मुंबईशी बोलत हुतो मी! कुणी कापला माझा फोन?"

"मी," मी म्हटलं. वायर अजून हातातच होती.

"तू कोन?"

"टेलिफोनवाली. कागद लिहायला आलेय तुमचा."

"मग कागद लिही की! वायरी कशाला तोडायलीस?"

"तो कागद तुम्हाला दाखवते. या माझ्याबरोबर."

"ए पोरी..."

ते पुढे काय म्हणाले, ते मी ऐकून घेतलं नाही. मी चालायला लागले, आणि भांडण पुरं व्हायचं असल्यामुळे ते माझ्यामागे आले. त्यांच्यामागून शहनाज आली. आम्ही डॉक्टरांच्या खोलीत शिरलो, राऊसाहेबांनी बोलायला तोंड उघडलं, आणि डॉक्टरांनी मागे न बघताच तळहात वर केला. संचालकाला असा हात कुणी दाखवला नसेल. पण त्यांनी आता फोनचा स्पीकर लावला होता आणि खोलीभर त्या म्हशीचं हंबरणं भरलं होतं. ते ऐकलं आणि राऊसाहेब जागच्या जागी उभे राहिले.

"दोन्ही खूर दिसाय लागलं, डॉक्टर!"

"नाक?"

"नाक बी हाय. पायावर ठिवलंया."

"आता कळ आली की ओढ. खाली, मागच्या खुरांकडं. कळ नसताना ओढू नको."

माझं लक्ष लॅपटॉपवर होतं. पंधरा मिनिटं भरत आली होती. विचारणा निघाली, 'चालू आहे ना?' दुसऱ्या यंत्राकडे गेली. उत्तर नाही. फोननं तीच विचारणा पहिल्याकडे पाठवली. आणि उत्तर आलं, 'चालू आहे.' मला ओरडावंसं वाटलं, पण त्या खोलीत ओरडायची सोय नव्हती. म्हातारी कण्हत होती, म्हैस कण्हत होती, आणि डॉक्टर टेबलाची कड धरून स्वतःच ओढत असल्यासारखे वाकले होते.

मग काहीतरी ओलं, जड पडल्याचा आवाज आला आणि अक्का गप्प झाली.

"अक्का, नाक पूस त्याचं! तोंडातला चिकटा काढ. पोत्यानं चोळ, जोरात. नाकात काडी घाल."

शहनाजनं माझा दंड घट्ट पकडला होता. बराच वेळ नुसतं चोळल्याचं ऐकू येत राहिलं. मग एक शिंक आली. लहानशी, चिडकी शिंक.

"शिंकलं ओ!" अक्का रडत हसत होती. "डॉक्टर, रेडी हाय, रेडी!"

"आता म्हशीला चाटू दे," डॉक्टर म्हणाले आणि खाली बसले. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

राऊसाहेबांनी घसा खाकरला. "ह्या बाईचं समदं निस्तरलं," ते म्हणाले, "आन माझ्या वक्ताला फोन आपटलासा. काय वाकडं केलं हुतं मी तुमचं?"

डॉक्टर ताडकन उठले. "मी आपटला? मी? राऊसाहेब, म्हशीच्या पोटात हात घालून तुम्ही फोन ठेवलात. मी इकडं घसा फाडत होतो. स्वतः म्हैस घालवलीत आणि गावभर माझं नाव खराब केलंत! तुम्हीच काय, दसऱ्यापासून सगळे तेच करायला लागलेत. मला वाटलं, म्हाताऱ्याचं लांबण कुणाला नको झालंय. ठेवतात मधेच, तर ठेवू देत. घरी बायकोला सांगितलं, आता आपली गरज उरली नाही, ही नोकरी सोडतो. कुणाला परत फोन लावला नाही मी. आजच काय तो या अक्कासाठी लावला."

"मी न्हाई ठिवला!" राऊसाहेब ओरडले.

"मग काय मी ठेवला?"

"कुणीच नाही ठेवला," मी मधे पडून म्हटलं. "राऊसाहेब, तुम्हीही नाही आणि डॉक्टरांनीही नाही. आमच्या यंत्रानं ठेवला. दसऱ्याला आम्ही दुसरं यंत्र चुकीचं जोडलं. बोलणं लांबलं की ते तोडत होतं. आताही तोडणार होतं, म्हणून तुमचा मुंबईचा फोन मी घालवला. कागदावर मी हेच लिहिणार आहे."

नेर्लेकर सरांनी त्या कागदानंतर मला महिनाभरही ठेवलं नाही. त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं आणि नंतर वाटलं नाही. पण त्या क्षणी सर माझ्या डोक्यातही नव्हते. मी त्या दोन माणसांकडे बघत होते. इतके दिवस जपलेला राग एकदम हातातून काढून घेतल्यावर माणूस किती भांबावतो, ते मी तिथे पाहिलं. स्पीकरवरून म्हैस रेडीला चाटत असल्याचा खरखरीत आवाज येत होता.

शेवटी राऊसाहेबच बोलले. आवाज अगदी खाली गेला होता.

"मी हॅलो, हॅलो करत हुतो, डॉक्टर. लई वेळ करत हुतो."

"मी पण," डॉक्टर म्हणाले.

राऊसाहेबांनी खिशातून रुमाल काढला आणि उगाच कपाळाचं गंध पुसून टाकलं. डॉक्टरांनी समोरची खुर्ची त्यांच्याकडे ओढली.

"बसा. त्या दिवशी आपण कुठवर आलो होतो?"

"मान मागं वळली हुती," राऊसाहेब खुर्चीत बसत म्हणाले. "तुमी सांगितलं, जबडा धरा. जबडा घावला हुता मला, डॉक्टर. धरला हुता मी."

"मग?"

राऊसाहेब सांगायला लागले. चार वाजून गेले, वरून शिपाई दोनदा डोकावून गेला, शहनाज जागेवर जाऊन परत फोन घ्यायला लागली. डॉक्टरांनी मधे एक शब्द घातला नाही. गेलेल्या म्हशीचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.